तळातून बसवलेला खोलीमापक

तळातून बसवलेला खोलीमापक हे बोटीखालील पाण्याची खोली ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजणारे उपकरण होय. त्याचा संवेदक, म्हणजे ट्रान्सड्यूसर, बोटीच्या तळाला पाडलेल्या आरपार छिद्रात बसवलेला असतो. त्याचा दर्शनी पृष्ठभाग बाहेर पाण्यात राहतो, तर दांडा आणि केबल बोटीच्या आत येतात. शिडाच्या लहान बोटींमध्ये ही मांडणी मोठ्या प्रमाणावर आढळते. संवेदक आणि पाणी यांच्यामध्ये बोटीचा तळ येत नसल्याने प्रतिध्वनी स्पष्ट मिळतो, हा तिचा मुख्य फायदा. जलरेषेखाली पाडावे लागणारे छिद्र हा तिचा मुख्य तोटा होय.

या छिद्राभोवती गळती सुरू झाल्यास ती केवळ उपकरणातील बिघाड ठरत नाही. खोलीमापक बंद पडला तरी बोट तरंगत राहते. त्याची बैठक निकामी झाली तर बोट बुडू शकते. त्यामुळे अशा गळतीचे निदान, दुरुस्ती आणि संवेदकाची बदली ही कामे बोटीच्या तळाची दुरुस्ती म्हणूनच केली जातात.

## इतिहास

यांत्रिक खोलीमापकापूर्वी जगभरातील खलाशी शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजत. मराठीत या मापासाठी ‘वाव’ हे एकक रूढ आहे. पसरलेल्या दोन हातांमधील अंतर म्हणजे एक वाव. शिशाच्या तळाला चरबी लावून तळाचा गाळ, वाळू किंवा शिंपले वर आणण्याचीही पद्धत होती.

ध्वनीच्या साहाय्याने खोली मोजण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आली. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाल्यानंतर हिमनगांचा शोध घेण्याच्या साधनावर जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर बेम याने प्रयोग केले. हिमनगांच्या बाबतीत त्याला यश आले नाही, परंतु समुद्रतळाचा प्रतिध्वनी चांगला मिळतो असे त्याला आढळले. १९१३ मध्ये त्याला या पद्धतीचे एकस्व मिळाले. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन याने उत्तर अटलांटिक महासागरात हिमनग आणि समुद्रतळ या दोहोंचे प्रतिध्वनी टिपले. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ याने क्वार्ट्‌झच्या स्फटिकाचा उपयोग करून पाण्यात श्राव्यातीत लहरी सोडल्या. त्यामागील दाबविद्युत परिणाम पिअर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागराच्या तळाचे प्रतिध्वनीच्या साहाय्याने विस्तृत मापन केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्वार्ट्‌झची जागा कृत्रिम सिरॅमिक पदार्थांनी घेतली. ट्रान्झिस्टरच्या प्रसारामुळे कमी विजेवर चालणारी लहान उपकरणे तयार होऊ लागली आणि खोलीमापक हौशी नौकानयन करणाऱ्यांच्या आवाक्यात आला.

## कार्यपद्धती

संवेदकातील सिरॅमिक चकतीला विजेचा स्पंद दिला की ती कंप पावते आणि पाण्यात ध्वनिलहरी सोडते. तळावरून परत आलेल्या लहरींमुळे त्याच चकतीत अल्प विद्युतदाब निर्माण होतो. लहर सोडल्यापासून ती परत येईपर्यंतचा वेळ मोजून खोली काढली जाते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. लहरीला जाण्यायेण्यास एक शतांश सेकंद लागला, तर तिने एकूण १५ मीटर अंतर कापलेले असते आणि पाण्याची खोली ७.५ मीटर असते. लहान बोटींवरील अनेक उपकरणे २०० किलोहर्ट्‌झच्या आसपासची वारंवारता वापरतात. अधिक खोल पाण्यासाठी ५० किलोहर्ट्‌झची वारंवारता वापरली जाते.

मोजली जाणारी खोली मूलतः संवेदकापासूनची असते. संवेदक जलरेषेखाली, परंतु कीलच्या तळापेक्षा वर असतो. (कील म्हणजे शिडाच्या बोटीच्या तळाखाली असलेला जड कणा.) म्हणून उपकरणात दुरुस्तीचा आकडा भरून कीलखालील किंवा पृष्ठभागापासूनची खोली दाखवण्याची सोय असते. भरती-ओहोटीचा फरक मोठा असलेल्या बंदरांत हा आकडा विशेष महत्त्वाचा ठरतो. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत हा फरक चार मीटरांपेक्षाही अधिक होतो. त्यामुळे भरतीच्या वेळी निर्धोक असलेल्या जागी ओहोटीला बोटीची कील गाळात रुतू शकते.

## रचना आणि प्रकार

तळातून बसवल्या जाणाऱ्या संवेदकांचे रचनेनुसार दोन मुख्य प्रकार पडतात.

* एकसंध संवेदक: यात सिरॅमिक चकती, बाहेरील रुंद कडा आणि आट्यांचा दांडा हे सर्व एकाच तुकड्यात असतात. दांडा बाहेरून छिद्रात घालून आतून मोठ्या नटाने आवळला जातो. बाहेरील कडा आणि तळ यांच्यामध्ये सीलंटचा थर असतो. या प्रकारात संवेदक बदलायचा म्हणजे संपूर्ण फिटिंग काढावे लागते.
* काढता येणारा संवेदक: यात तळामध्ये एक पोकळ नळकांडे कायमचे बसवलेले असते. संवेदक त्या नळकांड्यात आतून सरकवला जातो आणि वरून टोपीसारख्या नटाने किंवा खिळीने अडकवला जातो. पाणी अडवण्याचे काम संवेदकावरील रबरी ओ-रिंग करतात. वेग मोजणारे लहान पाणचक्र, तापमापक आणि खोलीमापक एकत्र असलेले संवेदक बहुधा याच प्रकारचे असतात. पाणचक्रावर शेवाळ आणि शिंपले वाढत असल्याने ते वारंवार बाहेर काढावे लागते. संवेदक काढल्यावर नळकांडे बंद करण्यासाठी त्याच मापाचे बूच सोबत मिळते. काही नळकांड्यांत संवेदक वर येताच आपोआप मिटणारी झडप असते. ही झडप पाण्याचा ओघ कमी करते, पूर्ण थांबवत नाही.

समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या किंवा बाहेर सोडणाऱ्या फिटिंगवर बंद करता येणारी झडप बसवतात. खोलीमापकाच्या बाबतीत दांड्यातून केबल वर येत असल्याने तशी झडप बसवता येत नाही. सागरी शर्यतींसाठी ‘वर्ल्ड सेलिंग’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सुरक्षा नियमांत जलरेषेखालील छिद्रांवर झडपा असणे बंधनकारक आहे. वेगमापक आणि खोलीमापक यांना त्यातून सूट आहे, मात्र ती छिद्रे बंद करण्याचे साधन बोटीवर असावे लागते. प्रत्येक आरपार फिटिंगसाठी योग्य मापाचे, निमुळते, मऊ लाकडाचे बूच जवळ ठेवणेही या नियमांनुसार आवश्यक असते.

## धोक्याचे स्वरूप

अनेक संवेदकांसाठी सुमारे ५१ मिलिमीटर व्यासाचे छिद्र लागते. असे छिद्र जलरेषेखाली अर्धा मीटर असेल आणि पूर्ण उघडे पडले, तर त्यातून सेकंदाला साधारणपणे ३.८ लिटर पाणी आत येते. म्हणजे मिनिटाला सुमारे २३० लिटर आणि तासाला सुमारे १४ टन. लहान बोटींवरील विजेच्या पंपावर तासाला ४,००० लिटर अशी क्षमता छापलेली असली, तरी पाणी वर उचलावे लागत असल्याने प्रत्यक्ष उपसा त्याहून कमी होतो. असा एक पंप या ओघाला पुरा पडत नाही.

याउलट, त्याच खोलीवर त्या छिद्रावर पाण्याचा स्थिर दाब जेमतेम एक किलोग्रॅम वजनाइतका असतो. म्हणूनच बूच हाताशी असेल तर एकटा माणूस ते हाताने दाबून ओघ थांबवू शकतो. धोका पाण्याच्या जोरापेक्षा शोधाशोधीत जाणाऱ्या वेळेत असतो.

लहान गळतीचे स्वरूप वेगळे असते. सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला चार लिटरांहून थोडे अधिक पाणी साचते. वापरातील बोटीत ते सहज उपसले जाते. परंतु नांगरून ठेवलेल्या बोटीकडे महिनाभर कोणी फिरकले नाही, तर सुमारे १३० लिटर पाणी जमते. या काळात पंपाचा स्वयंचलित खटका अडकला किंवा बॅटरी उतरली, तर पाणी विजेच्या जोडण्यांपर्यंत पोहोचू शकते.

## गळतीची कारणे

* ओ-रिंगची झीज: रबर कडक होणे, चपटे होणे किंवा त्यावर चरा पडणे हे काढता येणाऱ्या संवेदकातील नेहमीचे कारण आहे. वाळूचा कण, शिंपल्याचा तुकडा किंवा एखादा केस अडकला तरीही थेंब येऊ लागतात.
* सीलंटचा थर सुटणे: बाहेरील कडा आणि तळ यांच्यामधील सीलंट कालांतराने आपली पकड सोडतो. पृष्ठभाग नीट न खरवडता किंवा तेलकट राहिलेला असताना सीलंट लावल्यास हे लवकर घडते.
* नट अतिशय आवळणे: प्लास्टिकचा नट पान्याने आवळल्यास नट किंवा दांड्याच्या आट्यांना बारीक तडा जातो. तडा लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी वाढतो.
* आघात: पाण्यातील ओंडका, उथळ तळ, किंवा बोट पाण्याबाहेर काढताना पट्ट्याचा अथवा आधाराचा दाब यांमुळे फिटिंग हलते.
* गंज: पितळेतील जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जाते आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबे उरते. म्हणून जलरेषेखाली साधे पितळ न वापरता कांसे वापरतात.
* गोठण: थंड प्रदेशात हिवाळ्यात नळकांड्यात अडकलेले पाणी गोठते. पाण्याचे बर्फ होताना आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि नळकांडे फुटू शकते.
* तळाच्या गाभ्यात शिरलेले पाणी: फायबरग्लासच्या काही बोटींचा तळ दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम भरून बनवलेला असतो. छिद्राच्या कडेने गाभा उघडा राहिल्यास पाणी त्यात मुरते, लाकूड कुजते आणि नटाखालील आधार दबून जातो.

## निदान

बोटीच्या तळाशी पाणी साचण्याच्या जागेला बिल्ज म्हणतात. खोलीमापक बहुधा बिल्जच्या सखल भागात असल्यामुळे इतर ठिकाणचे पाणीही त्याच्याभोवती जमते. डोलकाठीतून उतरणारे पावसाचे पाणी, कीलच्या बोल्टांतून येणारा पाझर, गोड्या पाण्याच्या टाकीची गळती आणि थंड पृष्ठभागावर धरणारे दव ही त्यातील काही उगमस्थाने होत. म्हणून फिटिंगवर काम करण्यापूर्वी पाणी तेथूनच येते याची खातरजमा करावी लागते.

त्यासाठी बिल्ज पूर्ण कोरडी करून फिटिंग पुसले जाते. नंतर दांडा, नट आणि तळ यांच्याभोवती कोरडा टिशू कागद गुंडाळतात किंवा खडूची भुकटी भुरभुरतात. जेथे ओल प्रथम उमटते तेथे गळतीचा उगम असतो. पाणी खारे आहे की गोडे यावरूनही उगमस्थान कळण्यास मदत होते. पावसाचे किंवा टाकीचे पाणी असल्याचा संशय आल्यास तेथे खाद्यरंग मिसळून त्याचा माग काढता येतो.

ओल नळकांड्याच्या वरच्या तोंडाशी दिसली तर ओ-रिंगमधील दोष संभवतो. नटाखालून पाणी येत असेल तर सीलंटचा थर सुटलेला असतो. दांड्याच्या मध्यावर थेंब दिसत असतील तर तडा गेलेला असतो. नटापासून थोड्या अंतरावर तळाचा पृष्ठभाग पाझरत असेल, किंवा हलक्या हातोडीने ठोकल्यावर तेथे बद्द आवाज येत असेल, तर पाणी गाभ्यात शिरल्याची शक्यता असते.

## पाण्यात असतानाचे तात्पुरते उपाय

ओ-रिंगमधील गळती बोट पाण्यात असतानाही दूर करता येते. त्यासाठी बूच आधी वंगण लावून हाताशी ठेवतात, संवेदक वर ओढतात आणि लगेच बूच सरकवतात. या अदलाबदलीत काही सेकंदच जात असले, तरी झडप नसलेल्या नळकांड्यातून दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी आत येणे सामान्य आहे. संवेदक सावकाश साफ करून, ओ-रिंग बदलून आणि सिलिकॉनचे वंगण लावून तो पुन्हा बसवला जातो. बसवताना त्यावरील बाण बोटीच्या पुढील टोकाकडे असावा लागतो, अन्यथा पाणचक्र चुकीचा वेग दाखवते.

सीलंटचा थर सुटला असल्यास नट आणखी आवळून पाहण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे संपूर्ण फिटिंग फिरते, सीलंटचा उरलेला बंध तुटतो आणि थेंबांची धार होते. आतील बाजूने सीलंट किंवा पाण्यात घट्ट होणारी एपॉक्सी थापणे हा किनारा गाठेपर्यंतचा उपाय आहे. बाहेरील पाणी असा थर सतत आत ढकलत राहते आणि ओल्या पृष्ठभागावर त्याची पकडही कमकुवत असते. शिवाय पाणी फिटिंगच्या भोवती तळाच्या जाडीत मुरतच राहते. थेंब दिसेनासे झाल्यामुळे गळती थांबल्याचा समज होणे, हा या उपायाचा मोठा दोष आहे.

फिटिंग तुटलेच, तर लाकडी बूच छिद्रात ठोकून बसवतात. मऊ लाकूड पाण्याने फुगते आणि छिद्र घट्ट बंद करते. छिद्र वेडेवाकडे असल्यास बुचाभोवती कापड गुंडाळतात.

## दुरुस्ती किंवा बदल

दुरुस्ती करायची की फिटिंग बदलायचे, हे गळतीच्या जागेवरून ठरते. केवळ ओ-रिंग खराब असेल तर तेवढीच बदलणे पुरेसे असते. सीलंट सुटला असून फिटिंग निर्दोष असेल, तर ते बाहेर काढून, साफ करून नव्या सीलंटसह पुन्हा बसवता येते. प्रत्यक्षात जुने एकसंध फिटिंग न मोडता निघणे अवघड असते आणि काढताना सिरॅमिक चकतीला धक्का बसतो. त्यामुळे या टप्प्यावर नवीन संवेदक बसवणेच बहुधा श्रेयस्कर ठरते. दांड्याला किंवा नळकांड्याला तडा गेला असेल, अथवा धातू गुलाबी आणि ठिसूळ झाला असेल, तर बदल अटळ असतो. तडा चिकटवणे ही जलरेषेखालील स्वीकारार्ह दुरुस्ती मानली जात नाही.

नवीन संवेदक जुन्या दर्शकाशी जुळणे आवश्यक असते. वारंवारता, जोडणीचा प्रकार आणि संवेदकाची विद्युत वैशिष्ट्ये न जुळल्यास खोली चुकीची दिसते किंवा मुळीच दिसत नाही.

## बदलण्याची पद्धत

### जुने फिटिंग काढणे

हे काम बोट पाण्याबाहेर काढूनच केले जाते. केबल दर्शकापासून सोडवली जाते. नट फिरत नसल्यास प्लास्टिकचा नट छिन्नीने, तर कांस्याचा नट ग्राइंडरने दोन ठिकाणी कापतात. बाहेरील कडा आणि तळ यांच्यामध्ये पातळ पाते फिरवून सीलंट कापला जातो. त्यानंतर दांड्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून आतून बाहेरच्या दिशेने ठोकतात. पॉलियुरेथेनचा कायमस्वरूपी चिकटणारा सीलंट वापरलेला असेल तर तो थोडा तापवून मऊ करावा लागतो. अतिरिक्त उष्णतेने फायबरग्लासचे थर सुटू शकतात. तरीही फिटिंग न निघाल्यास बाहेरील कडा घासून काढून दांडा आत ओढतात.

### छिद्राची तयारी

छिद्राभोवतीचा जुना सीलंट पूर्णपणे खरवडून काढतात आणि पृष्ठभाग पॉलिश कागदाने घासतात. तळ गाभ्याचा असेल तर छिद्राच्या कडेपासून आत काही अंतरापर्यंतचा गाभा कोरून काढतात, पोकळी वाळवतात आणि तेथे घट्ट केलेली एपॉक्सी भरतात. यामुळे पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही आणि नटाला भक्कम आधार मिळतो. गाभा नसलेल्या तळातही छिद्राची कापलेली कड एपॉक्सीने बंद केली जाते.

ही पायरी तळ कोरडा असल्याशिवाय करता येत नाही. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात शिडाच्या बोटी सामान्यतः किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात. हा काळ सोयीचा असला तरी दमट हवेत फायबरग्लास सावकाश वाळतो. म्हणून आच्छादन आणि उष्णतेची सोय करावी लागते.

नवीन फिटिंगसाठी मोठे छिद्र लागत असल्यास जुन्या छिद्रात लाकडी चकती बसवून तिच्या मध्यावरून नवे छिद्र कापतात. नवीन फिटिंग लहान असल्यास जुने छिद्र फायबरग्लासने बुजवून योग्य मापाचे छिद्र पाडावे लागते. उरलेली फट केवळ सीलंटने भरणे धोक्याचे असते.

### जागा आणि कोन

संवेदकाकडे येणारे पाणी बुडबुडे आणि भोवरे यांपासून मुक्त असावे लागते, कारण हवेचे बुडबुडे ध्वनिलहरी अडवतात. पंखासारखी अरुंद कील असलेल्या शिडाच्या बोटीत कीलच्या पुढे ३० ते ६० सेंटिमीटर अंतरावर, मध्यरेषेजवळ ही जागा निवडतात. लांब कील असलेल्या बोटीत ती मध्यभागी, कीलपासून दूर असते.

लहरींचा झोत सरळ खाली जाणेही आवश्यक असते. तळ उतरता असेल तर बाहेर आणि आत त्या उताराला जुळणारे ठोकळे बसवून संवेदक सरळ केला जातो. काही संवेदकांत सिरॅमिक चकतीच १२ किंवा २० अंशांनी तिरपी बसवलेली असते. अशा संवेदकांना ठोकळा लागत नाही, परंतु दांडा योग्य दिशेला वळवून बसवावा लागतो.

### पदार्थाची निवड

* प्लास्टिक: फायबरग्लासच्या तळासाठी योग्य. लाकडी तळात वापरत नाहीत, कारण पाण्याने फुगणारे लाकूड प्लास्टिकच्या दांड्याला तडा पाडू शकते.
* कांसे: फायबरग्लास आणि लाकूड यांसाठी योग्य. ॲल्युमिनियमच्या तळात वापरल्यास दोन धातूंमध्ये विद्युतरासायनिक क्रिया होऊन तळ वेगाने झिजतो.
* स्टेनलेस स्टील: धातूच्या तळासाठी वापरतात. तळ आणि फिटिंग यांच्यामध्ये विद्युतरोधक वेष्टन घालावे लागते.

सीलंटसाठी पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड यांची निवड केली जाते. पॉलिसल्फाइड काही प्लास्टिकना मऊ करते, म्हणून प्लास्टिकच्या फिटिंगला ते चालते का हे उत्पादकाच्या सूचनांत पाहावे लागते. पुढेमागे फिटिंग काढावे लागणार असल्याने कायमस्वरूपी चिकटणारा सीलंट अनेकदा टाळला जातो. सिलिकॉनचा अंश पृष्ठभागावर राहिल्यास त्यावर रंग किंवा दुसरा सीलंट धरत नाही, त्यामुळे जलरेषेखाली त्याची शिफारस केली जात नाही.

### नवीन फिटिंग बसवणे

प्रथम सीलंटशिवाय फिटिंग बसवून माप तपासतात. नंतर बाहेरील कडेच्या आतील बाजूस आणि दांड्याच्या खालच्या भागावर सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा सलग थर लावतात. फिटिंग बाहेरून किंचित फिरवत दाबले जाते, जेणेकरून अडकलेली हवा निघून जाईल. आत नट फिरवला जातो. प्लास्टिकचा नट हातानेच आवळतात. कडेभोवती सर्व बाजूंनी सीलंट बाहेर आलेला दिसणे ही थर सलग असल्याची खूण मानतात. सगळा सीलंट पिळून बाहेर पडेल इतके आवळल्यास थर पातळ होऊन कमकुवत होतो. बाहेर आलेला सीलंट पुसून कड गुळगुळीत केली जाते, अन्यथा तेथे भोवरे तयार होतात.

पॉलियुरेथेनचा सीलंट हवेतील आर्द्रतेने घट्ट होतो आणि त्यास काही दिवस लागू शकतात. उत्पादकाने दिलेला अवधी संपण्यापूर्वी बोट पाण्यात सोडली जात नाही. संवेदक केबलला धरून उचलत नाहीत, कारण त्यामुळे आतील जोड तुटू शकतात.

### तपासणी

बोट पाण्यात उतरताच, उचलण्याचे पट्टे सोडण्यापूर्वी, फिटिंग आतून पाहिले जाते. थेंब आढळल्यास बोट लगेच परत उचलता येते. पहिल्या तीन तासांत दुसरी तपासणी केली जाते. बारीक गळती लगेच नजरेस येत नसल्यामुळे चोवीस तासांनंतर पुन्हा पाहणी आवश्यक असते. नवीन फिटिंग बसवलेली बोट तपासणीशिवाय अनेक दिवस पाण्यात ठेवली जात नाही.

यानंतर शांत पाण्यात शिसे बांधलेल्या दोरीने खोली मोजून ती दर्शकावरील आकड्याशी ताडून पाहतात. संवेदकाची जागा बदलली असेल तर कीलखालील खोलीसाठीचा दुरुस्तीचा आकडा नव्याने भरावा लागतो.

## पर्यायी मांडणी

तळाला छिद्र न पाडता संवेदक आतून बसवण्याची पद्धतही वापरात आहे. यात संवेदक तळाच्या आतील पृष्ठभागावर एपॉक्सीने चिकटवतात किंवा द्रव भरलेल्या लहान टाकीत ठेवतात, आणि लहरी तळातून आरपार जातात. ही पद्धत गाभा नसलेल्या फायबरग्लासमध्येच चांगली चालते. फोम किंवा बाल्साचा गाभा, लाकूड आणि धातू यांतून लहरी पुरेशा जात नाहीत. चिकटवताना हवेचा बुडबुडा राहिल्यास प्रतिध्वनी मिळत नाही. लहरींची काही शक्ती तळात खर्ची पडत असल्याने मोजता येणारी कमाल खोली कमी होते. अशा संवेदकाला बोटीचा वेग मोजता येत नाही आणि पाण्याचे तापमानही अचूक कळत नाही. उथळ किनारी पाण्यात मात्र तो बहुधा पुरेसा ठरतो आणि त्यातून गळती होत नाही.

ही पद्धत स्वीकारल्यास जुने छिद्र कायमचे बुजवावे लागते. त्यासाठी छिद्राची कड बाहेरून उतरती घासतात. उताराचे प्रमाण सामान्यतः बारास एक ठेवले जाते. दहा मिलिमीटर जाड तळातील ५१ मिलिमीटरच्या छिद्रासाठी सर्व बाजूंनी १२० मिलिमीटर, म्हणजे एकूण सुमारे २९ सेंटिमीटर व्यासाचा भाग घासावा लागतो. त्यात फायबरग्लासचे वाढत्या किंवा घटत्या आकाराचे तुकडे एपॉक्सीने एकावर एक चिकटवतात. लहान छिद्रासाठी एवढा मोठा भाग घासणे अनावश्यक वाटले, तरी जोडाची ताकद चिकटलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. छिद्रात नुसती लुकण भरल्यास ती आघाताने निखळू शकते.

## देखभाल

काढता येणारा संवेदक वर्षातून किमान एकदा बाहेर काढून ओ-रिंग तपासल्या जातात. संवेदक अडकवणारी खिळी किंवा सुरक्षातार जागेवर आहे याची खात्री केली जाते. संवेदकाच्या दर्शनी भागावर शेवाळरोधक रंग लावायचा असल्यास पाण्यावर आधारित रंगाचा पातळ थर देतात. किटोन असलेले रंग आणि द्रावक प्लास्टिकला इजा करतात. दर्शनी भाग खरवडण्यासाठी धारदार हत्यार वापरले जात नाही. बूच आणि लाकडी खुंटी फिटिंगजवळच दोरीने बांधून ठेवण्याची प्रथा आहे, जेणेकरून अंधारात किंवा बोट कललेली असतानाही ती हाताला लागेल. फिटिंगवर सामान रचून ठेवलेले असल्यास गळती वेळेवर लक्षात येत नाही, म्हणून ती जागा मोकळी आणि दिसेल अशी ठेवली जाते.